किलोला वीस ग्रॅम कमी

वस्तू विकत घ्यायला पाच मिनिटं लागतात. ती का घेतली हे सांगण्यात पुढची पाच वर्षं जातात. छत्री घेतली तर लोक 'केवढ्याला?' एवढंच विचारून सोडून देतात. पण लॅपटॉप घेतला, आणि त्यातही लहान व स्वस्त घेतला, की माणूस थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. 'मोठा नोता का?' हा पहिला प्रश्न. 'आणखी धा हजार टाकले असते तर...' हे दुसरं वाक्य. ते कुणीच पूर्ण करत नाही. आणखी दहा हजार टाकले असते तर आपण आज कोण झालो असतो, याचं चित्र समोरच्याच्या डोळ्यांत इतकं स्पष्ट दिसत असतं की पुढे बोलायची गरजच उरत नाही.

माझा लॅपटॉप साडेअकरा इंची पडद्याचा आहे. किंमत सोळा हजार आणि वर काहीशे. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. चांगलं बोललो तर जाहिरात होईल आणि वाईट बोललो तर तिच्या वकिलाला कौंडण्यपूरपर्यंत यावं लागेल. तिवशाहून इकडे यायला त्याला वेळेवर गाडी मिळेलच, याची हमी मी तरी कशी देणार?

मी निवृत्त मास्तर. पेन्शन अमरावतीच्या बँकेत, चिरंजीव पुण्यात, आणि आम्ही दोघं वर्धा नदीच्या काठी या गावात. पलीकडच्या तीरावर वर्धा जिल्हा सुरू होतो, अलीकडे अमरावती जिल्हा संपतो, आणि मधल्या पाण्यात आमची मुलं पोहायला शिकतात. हे रुक्मिणीचं माहेर. १९६०च्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षितांनी इथल्या टेकाडांमध्ये उत्खनन केलं आणि फार जुन्या वस्तीच्या खुणा वर काढल्या. तेव्हापासून गावात कुणी विहीर खणायला घेतली तरी बघ्यांची गर्दी जमते. गावाची अशी जुनी-नवी माहिती टिपून ठेवावी, चार पत्रं लिहावीत, वर्तमानपत्र वाचावं, नातीचे फोटो पाहावेत, एवढंच माझं काम. त्याला किती इंच लागतात?

आता मालकाचा अनुभव म्हणाल तर संमिश्र आहे. यंत्राला पंखा नाही, त्यामुळे ते चालू आहे की बंद हे आवाजावरून कळत नाही. आमच्या शाळेत एक शिक्षक तसेच होते. दोन कामं सांगितली तर करतो; तिसरं सांगितलं की विचारात पडतो; चौथं सांगितलं की पहिलं विसरतो. पोटात जागा चौसष्ट जीबी असं खोक्यावर छापलं होतं, पण त्यातली बरीचशी यंत्र स्वतःच्याच संसारासाठी ठेवून घेतं. भाड्याने तीन खोल्या घ्याव्यात आणि त्यातल्या एका खोलीत घरमालकाचा गहू असावा, तसं. बाजूला दोन भोकं. एकात माउस लावला आणि दुसऱ्यात पेनड्राइव्ह, की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. कॅमेऱ्यातून नातीशी बोलतो तेव्हा तिला मी धुक्यात बसल्यासारखा दिसतो. 'आजोबा, तुमच्याकडे पाऊस आहे का?' असं तिने भर मे महिन्यात विचारलं होतं. मे महिन्यात, वऱ्हाडात!

पण बॅटरी टिकते. वीज गेली की गावभर काळोख असतो आणि आमच्या ओसरीवर साडेअकरा इंचांचा उजेड असतो. शिवाय वजन. वजनासाठीच तर घेतला. पोळपाटासारखा काखेत मारावा आणि घाटावर जाऊन बसावं. तिथे उन्हात पडद्याचा आरसा होतो आणि आपल्याच दाढीशिवाय काही दिसत नाही, हा भाग वेगळा.

हे वजन नक्की किती, याची खात्री करावी म्हणून मी तो एकदा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. शेंगदाण्याची पुडी उचलून दुकानदाराने जागा करून दिली. आकडा आला नऊशे ऐंशी. त्याने माझ्याकडे करुणेने पाहिलं आणि म्हणाला, "किलोले वीस ग्रॅम कमीच भरते गुरुजी. फसवलं तुमाले."

मी हसलो, पण परतताना हे वाक्य काही डोक्यातून जाईना. सगळ्या जगात वस्तू जड भरली की गिऱ्हाईक खूश होतं. एवढा एकच धंदा असा की हलकी भरली तर खूश व्हायचं. शिवाय बाजारात किलोच्या आतले लॅपटॉप दोन जातींचे मिळतात. एक माझा, सोळा हजारांचा. दुसरा लाखाच्या वरचा. काट्यावर दोघं सारखेच. फरक असा की लाखाच्या यंत्रातून वजन काढलेलं असतं. त्यासाठी शहाण्या लोकांनी वर्षानुवर्षं डोकं खपवलेलं असतं, पत्रा पातळ केलेला असतो, धातू हलका शोधलेला असतो. माझ्या यंत्रात ते घातलेलंच नाही.

इथे प्रश्न फक्त लॅपटॉपचा राहत नाही. राजपुत्राने राज्य सोडलं तर त्याला आपण त्यागी म्हणतो. आमच्या शेजारच्या सालदाराकडेही राज्य नाही; त्याला कुणी त्यागी म्हणत नाही. दोघांचा काटा मात्र सारखाच दाखवतो. मग 'मला एवढं पुरे' असं जेव्हा माझ्यासारखा पेन्शनर म्हणतो, तेव्हा तो समाधानी असतो की नुसता पेन्शनर असतो? मी हा प्रश्न हिला विचारला. ही म्हणाली, "दळण आणायला जाणार आहात का नाही ते आधी सांगा."

हलकेपणाची ही हौस माणसाला जुनी आहे. १९८१ साली अमेरिकेत ऑसबोर्न नावाचा संगणक निघाला. कुठेही न्या म्हणून त्याची जाहिरात होती आणि वजन होतं अकरा किलो. अकरा किलो म्हणजे चांगलं दीड वर्षाचं बाळसेदार पोर. त्याला पोर्टेबल म्हणत, ते बहुधा पोर आणि टेबल या दोघांचं मिळून वजन असेल म्हणून. पुढे २००७ साली तैवानच्या असूस कंपनीने ई पीसी काढला: सात इंची पडदा, किलोच्या आत वजन, पोटात अवघी चार जीबी जागा. लोक तुटून पडले. इतर कंपन्यांनीही धडाधड लहान यंत्रं काढली, त्यांना नेटबुक म्हणू लागले, आणि चार-पाच वर्षांत ती लाट ओसरलीसुद्धा. २०१०मध्ये आयपॅड आला, आणि लहान लॅपटॉपची अवस्था थोरल्या जावेनंतर धाकटी घरात आल्यावर थोरलीची होते तशी झाली.

त्याच २००७ साली आपल्या महाराष्ट्रात एक गोष्ट घडली, ती फार जणांच्या लक्षात नाही. रायगड जिल्ह्यातल्या खैराट नावाच्या छोट्या वस्तीत, एकशिक्षकी शाळेतल्या पोरांच्या हातांत हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या निकोलस निग्रोपोंटे यांच्या योजनेतले, भारतातले सर्वांत पहिले. शंभर डॉलरमध्ये यंत्र द्यायचं असा संकल्प होता. प्रत्यक्षात किंमत दुपटीच्या जवळ गेली. आपल्याकडे घर बांधलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. पण त्या यंत्राचा पडदा भर उन्हात वाचता यायचा! कुणीतरी पोरांचा विचार करताना झाडाखालच्या शाळेचाही विचार केला होता. घाटावर बसून स्वतःची दाढी पाहताना मला त्या अज्ञात माणसाची आठवण होते.

त्याच्या थोडं आधी, २००१ साली, बंगलोरच्या प्राध्यापकांनी सिम्प्युटर दाखवला होता. तळहातावर मावेल असं साधं, स्वस्त यंत्र. त्यामागची कल्पना मला अजून फार गोड वाटते. यंत्र सगळ्या गावात मिळून एक आणि प्रत्येकाचं कार्ड आपापलं. आपली पाळी आली की कार्ड सारायचं आणि तेवढ्या वेळापुरतं यंत्र आपलं. सार्वजनिक विहिरीवर आपापला दोर घेऊन जावं तसं. ते यंत्र काही फारसं खपलं नाही. विहीर सगळ्यांना चालते, पण यंत्र प्रत्येकाला स्वतःचं लागतं.

मी या हलकेपणावर हिच्यासमोर बरंच बोलतो. एकदा अमरावतीला निघालो होतो. एसटीत बसल्यावर मी म्हटलं, माणसाने आयुष्यात कमीत कमी ओझं घेऊन हिंडावं. हा बघ माझा सगळा संसार, नऊशे ऐंशी ग्रॅम. ही काही बोलली नाही. तिच्या मांडीवरच्या पिशवीत माझ्या लॅपटॉपचा चार्जर होता, माउस होता, एक भोक असलेल्या जागी चार भोकं करणारा डबा होता, एक्स्टेन्शनची वायर होती, पेनड्राइव्हची पुडी होती, आणि वर डबा, पाणी आणि माझ्या गोळ्या. ती पिशवी काही मी काट्यावर ठेवून पाहिली नाही. माझे फोटो तर तिच्याही पिशवीत नाहीत. ते देशात नाहीतर परदेशात, कुठल्या तरी अवाढव्य इमारतीत ठेवलेले असतात, आणि ती इमारत गार ठेवायला रात्रंदिवस वीज जळते. वीज गेली की ओसरीवर माझा उजेड असतो म्हणतो, तो असा असतो.

आमच्या गावातून रुक्मिणीची पालखी आषाढीला पायी पंढरपूरला जाते. शेकडो वर्षांची वाट आहे. या वाटेवरचा वारकरी पडशी खांद्यावर टाकून किती हलका चालतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पण दिंडीमागून सामानाची गाडी येते, मुक्कामाच्या गावच्या बाया पहाटेपासून भाकऱ्या थापतात, कुणी पाय चेपतं, कुणी पाणी तापवतं. यात वारकऱ्याचा कमीपणा नाही. तो ते जाणतो आणि त्या बाईच्या पाया पडून पुढे जातो. हलकं चालणाऱ्याने अधूनमधून मागे वळून गाडी पाहिली म्हणजे पुष्कळ.

वजनाचा विषय निघाला की या गावात तुळशीपत्र येतंच. कृष्णाची तुला झाली, सत्यभामेने अंगावरचे, पेटीतले, माहेरचे दागिने घातले तरी पारडं हलेना; रुक्मिणीने एक तुळशीचं पान ठेवलं आणि काम झालं. कीर्तनकार ही गोष्ट सांगतात तेव्हा सगळा गाव आपलीच लेक जिंकल्यासारखा माना डोलावतो. याच लेकीने इथून द्वारकेला निरोप धाडला तो भागवतात अवघा सात श्लोकांचा आहे. मी ते माझ्या यंत्रात टंकून पाहिले: दोन-तीन केबीच्या वर नाहीत. एवढ्याशा मजकुरावर रथ आला. आमच्या चिरंजिवांच्या कंपनीत साध्या रजेच्या अर्जाला त्याहून जास्त जागा लागते.

तर असं सगळं मनाजोगतं चाललं होतं आणि लहान यंत्राच्या समर्थनार्थ माझ्याकडे पुराण, इतिहास आणि भूगोल असे तिन्ही विषय तयार होते. तेवढ्यात शेजारच्या कास्तकाराची मुलगी आली. बारावी झालेली. सरकारी टायपिंगच्या परीक्षेला बसायचं आहे. मराठीत मिनिटाला तीस शब्द. क्लास तिवशाला, तिथे दिवसाकाठी एक तास यंत्र मिळतं, आणि घरी फोन, ज्यावर दहा बोटं ठेवायला जागा नाही. "काका, सांजच्याले थोडा वेळ बसू का?" तिने विचारलं. मी लॅपटॉप उघडून दिला. ती त्याच्याकडे पाहून म्हणाली, "बाप्पा! केवढा मोठा हाये!"

दोन वर्षांत त्याला मोठा म्हणणारी ती पहिली व्यक्ती. पुण्याच्या दिशेने येणाऱ्या माणसाला तो लहान दिसतो, फोनच्या दिशेने येणाऱ्याला मोठा. मी मात्र इतके दिवस समजत होतो की 'पुरेसं' हे माप माझ्या पोटावरून निघतं.

आता ती रोज येते. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. या यंत्राच्या कळा दाटीवाटीने बसवलेल्या आहेत. मला त्याने काही बिघडत नाही, मी दोन बोटांनी लिहितो. एक बोट शोधतं आणि दुसरं दाबतं. पण तिची बोटं इथे संध्याकाळी शिकतात आणि सकाळी तिवशाला मोठ्या कळांवर जाऊन अर्धं घर अलीकडे पडतात. "घरी जमते अन् तिथं चुकते," असं ती सांगते आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करते. तिचा बाप फाटकाशी येऊन उभा राहतो. आत येत नाही. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी माणसं दुसऱ्याच्या ओसरीवर चढायला लाजतात. "तरास तं नाही ना देऊन राहिली गुरुजी?" एवढं विचारतो आणि निघून जातो.

अशात चिरंजिवांचा फोन आला. "बाबा, तुमच्या वाढदिवसाला नवीन लॅपटॉप पाठवलाय. साडेपंधरा इंची. मस्त मोठा कीबोर्ड आहे. तो जुना डबा कुणाला तरी देऊन टाका."

मराठीत देणं वेगळं आणि देऊन टाकणं वेगळं. मुलगी देतात, शब्द देतात, जीव देतात. जुने कपडे, रद्दी आणि मांजरीची पिलं देऊन टाकतात. क्रियापदाला 'टाक' लागलं की त्या दानाचं पुण्य तिथेच निम्मं होतं. तरी मी मनात म्हटलं, काय हरकत आहे? नवा येईल तो मी वापरीन, हा त्या पोरीला जाईल. तिचंही भागेल, माझंही नाव होईल. मी ही योजना हिला सांगितली, जरा मोठ्या आवाजात, कारण चांगली योजना असली की माझा आवाज आपोआप चढतो.

ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मोठा तिलाच द्या ना."

"म्हणजे?"

"तुम्हाला लहान पुरतो म्हणता ना? किराणावाल्यापासून कीर्तनकारापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. तिला मोठ्या कळा हव्यात. तुमची बोटं दोनच."

मी पंचवीस वर्षं तर्कशुद्ध निबंध कसा लिहावा हे मुलांना शिकवलं. एवढा आटोपशीर मला एकाही वहीत सापडला नव्हता.

तसं उत्तर नाही असं नाही. मुलाने स्वतःच्या पगारातून, बापासाठी, रंगसुद्धा निवडून पाठवलेली वस्तू परस्पर दुसऱ्याला द्यायची? त्याला काय वाटेल? भेट ही वस्तू नसते. तिच्यात देणाऱ्याचा जीव असतो. हे मी हिला सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्याला फोन करून विचारा." हा तर त्याहून कठीण उपाय झाला. विचारलं तर तो 'द्या' म्हणेल. पण तो आवाज मी ओळखतो. लहानपणी त्याचा पतंग मी दुसऱ्या मुलाला द्यायला लावला होता, तेव्हाही तो 'द्या' म्हणाला होता. शिवाय त्या मुलीचा बाप. फाटकाच्या आत न येणारा माणूस साठ हजारांची वस्तू घरात घेईल? जुना डबा तो घेईल, कारण 'देऊन टाकलेलं' घेताना घेणाऱ्याची मान तेवढी खाली जात नाही. नवं करकरीत यंत्र त्याच्या दारात नेऊन ठेवणं म्हणजे त्याच्या खांद्यावर एक ओझं ठेवण्यासारखंच आहे. आणि ते किती किलोचं, हे कुठलाच काटा दाखवत नाही. उसनं म्हणून द्यावा का? परीक्षा होईपर्यंत? सिम्प्युटरवाल्या प्राध्यापकांसारखं, यंत्र ओसरीवरच ठेवून?

हे सगळं मी हिला सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर या वाक्याइतकं भयंकर वाक्य दुसरं नसतं.

पार्सल नागपूरहून निघाल्याचा निरोप फोनवर आला आहे. त्यात वजनाच्या रकान्यात दोन किलो चारशे असं लिहिलं आहे, खोक्यासकट. आणणारा मुलगा तिवशाहून फोन करून पत्ता विचारत होता. त्याला सांगितलं, रुक्मिणीच्या देवळाकडे ये आणि कुणालाही गुरुजींचं घर विचार. उद्या दुपारपर्यंत येतो म्हणाला.

आतून टकटक ऐकू येते आहे. मिनिटाला बावीस शब्दांपर्यंत आली आहे ती. मध्येच 'च्च' असा आवाज येतो, म्हणजे बोट घसरलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून. तिचं नऊ वाजेपर्यंत चालेल. म्हणून मी हे कागदावर हाताने लिहितो आहे, पाठकोऱ्या कागदावर, आणि शाई जरा फुटते आहे.